न भरणारी टाकी

माणसे कशाची बढाई मारतील सांगता येत नाही. कोणी जमिनीची मारतो, कोणी मुलाच्या पगाराची. आमच्या नाकाडोंगरीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत गेल्या काही वर्षांत आणखी एक बढाई ऐकू येऊ लागली आहे. लग्नाच्या मांडवात, मशिदीच्या ओट्यावर, शाळेच्या पालकसभेतसुद्धा. "आमची संडासची टाकी दहा वर्षं झाली, एकदाही भरली नाही!" ऐकणारा कौतुकाने मान हलवतो आणि गवंडी कोण होता ते विचारून घेतो.

वाचकहो, ही बढाई आम्हीही मारलेली आहे. म्हणूनच या महिन्याचे पान तिच्यासाठी ठेवले आहे. विषय जेवताना बोलायचा नाही, हे कबूल. पण ज्या पाण्याने आपण वजू करतो, ज्या पाण्यात डाळ शिजते आणि जे पाणी लेकरांच्या पेल्यात जाते, त्याचा या टाकीशी थेट संबंध आहे. तेव्हा संकोच थोडा बाजूला ठेवून वाचावे, ही विनंती.

आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. भोवती जंगल, जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी आणि बाकी सगळा धानाचा मुलूख. पाऊस भरपूर. रोवणीच्या दिवसांत बांध्या तुडुंब भरतात. मे महिन्यात जिथे दोर पुरत नाही, ती विहीर ऑगस्टमध्ये वाकून बादली बुडवावी इतकी वर येते. दारात नळ असला तरी आवारात विहीर किंवा बोअर असतेच. नळाला पाणी आले नाही की सगळे तिकडेच वळतात. विहिरीचे पाणी थंड, गोड आणि आपल्या मालकीचे. त्याच्याविषयी शंका घेणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांविषयी शंका घेण्यासारखे वाटते.

आम्ही घर बांधले ते २०१६ साली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झाले होते. पात्र कुटुंबाला शौचालयासाठी बारा हजार रुपये मिळत होते आणि गावोगाव बांधकामाची लाट होती. आम्ही पगारदार, त्यामुळे अनुदानाचा प्रश्न नव्हता. पण गवंडी तोच, जो सगळीकडे काम करत होता. त्याने विचारले, "सर, टाकीच्या तळाला काँक्रीट करू की मोकळा ठेवू? मोकळा ठेवला तर पाणी जिरत राहते, जन्मात भरणार नाही." पैसेही वाचत होते. आम्ही बीएड झालेले, वर्गात स्वच्छतेचे धडे शिकवणारे. आम्ही म्हणालो, "मोकळाच ठेव."

एक काळजी मात्र आम्ही घेतली. आमची बोअर घराच्या पुढे आहे. टाकी तिच्यापासून लांब असावी एवढे कळत होते. म्हणून टेप लावून मोजले आणि मागच्या कोपऱ्यात, वीस मीटरहून जास्त अंतरावर खड्डा घेतला. त्या कोपऱ्याला आवाराची भिंत आहे. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचे अंगण आणि त्या अंगणात त्यांच्या सासऱ्यांच्या काळातली विहीर. भिंतीपासून ती विहीर अवघी सात पावले. आमचा टेप भिंतीपर्यंतच गेला होता.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला. त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरला पाणी राहिले नाही. सहरीला उठायचे आणि नळाला फक्त हवा. काकूंना कळले तेव्हा त्यांनी भिंतीवरून हाक मारली, "सर, दोर-बादली इथंच ठेवली आहे. रात्री कधीही या, विचारायची गरज नाही." तो सगळा महिना आम्ही त्यांच्या विहिरीच्या पाण्याने रोजा धरला आणि त्याच पाण्याने सोडला.

गेल्या वर्षी रोवणी आटोपली आणि काकूंच्या सात वर्षांच्या नातवाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. काही दिवसांनी बरा झाला, अल्लाहचे उपकार. पण घरात काकूंची सून सहा महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता. त्यांनी विचारले, "पाणी कुठले पिता?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते वाचक भगिनींनी नीट समजून घ्यावे. काविळीचे काही प्रकार रक्तातून पसरतात. पण हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' हे दोन विषाणू रोग्याच्या शौचातून बाहेर पडतात आणि बहुधा पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यातला 'ई' गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात गटाराचे पाणी यमुनेतून शहराच्या पाण्यात शिरले आणि एकोणतीस हजारांवर लोकांना कावीळ झाली. ती 'ई'ची साथ होती हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. त्या साथीत गरोदर स्त्रियांचे हाल सर्वांत जास्त झाले.

आमच्या शाळेत पाणी तपासण्याच्या छोट्या बाटल्या होत्या. बाटलीत पाणी भरायचे, झाकण लावून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात शौचातून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. नववीच्या मुलांना दाखवायचे म्हणून आम्ही तीन बाटल्या भरल्या. एक शाळेच्या नळाची, एक आमच्या बोअरची, एक काकूंच्या विहिरीची. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दोन जशाच्या तशा होत्या. तिसरी शाईसारखी काळी. त्या पाण्याला भरताना ना वास होता, ना रंग. पेल्यात धरले असते तर आम्हीच कौतुकाने प्यायलो असतो.

मुले म्हणाली, "सर, हे कुणाच्या विहिरीचं आहे?" आम्ही उत्तर दिले नाही.

आता ती बढाई तपासून पाहू. टाकी भरत नाही म्हणजे नेमके काय होते? सेप्टिक टँक ही काही जादूची पेटी नाही. तिच्यात मैला येतो. जड भाग तळाशी बसून गाळ होतो, हलका भाग वर साय धरतो आणि मधले पाणी पुढे सरकते. तळातल्या गाळाचा काही भाग जंतू खातात, पण सगळा नाही. म्हणून पक्क्या टाकीत गाळ साठतोच आणि दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. टाकी भरणे हे तिच्या तब्येतीचे लक्षण आहे. जी कधीच भरत नाही, तिच्यातला मैला खालून, बाजूंनी जमिनीत निघून जात आहे. ती टाकी नव्हेच. तो झाकण घातलेला खड्डा आहे.

आणखी एक गैरसमज आहे. लोकांना वाटते, पक्की टाकी असली की तिच्यातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ. तसे नाही. ते पाणी दिसायला जरा निवळलेले असते, पण त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरी सफाई टाकी करत नाही, माती करते. शोषखड्ड्यातून झिरपताना बारीक, कोरड्या मातीच्या थरात जंतू अडकतात आणि मरतात. त्यासाठी खड्ड्याचा तळ आणि जमिनीतले पाणी यांच्यामध्ये कोरडी माती हवी. आमच्याकडे पावसाळ्यात तीच नसते. विहिरीला पाणी हाताला लागते, म्हणजे जमीन तेवढ्या उंचीपर्यंत भिजलेली आहे आणि आपली टाकी त्या पाण्यात उभी आहे. वर आमची जमीन मुरमाची, खाली भेगाळलेला खडक. भेगेतून पाणी गाळले जात नाही, नुसते वाहते. मातीतून जे अंतर तोडायला पाण्याला बरेच दिवस लागतात, ते भेगेतून फार लवकर तोडले जाते.

हे काही आपल्याच खेड्याचे दुखणे नाही. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची चौकशी केली आणि संशय एका सार्वजनिक पंपावर पक्का झाला. पंपाचा दांडा काढला गेला. पण पाणी बिघडले कशाने, हे शोधायला मोठी मदत केली ती त्या वस्तीतल्या एका पाद्र्याने, हेन्री व्हाइटहेड यांनी. ते आधी स्नो यांचे म्हणणे खोडून काढायला निघाले होते. घरोघर फिरून विचारपूस करता करता त्यांना एक घर सापडले. तिथे साथीच्या सुरुवातीला एक तान्ही मुलगी आजारी पडून वारली होती आणि तिचे दुपटे धुतलेले पाणी आईने घरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतले होते. खड्डा खणून पाहिला तर त्याच्या विटा ढासळलेल्या, आणि पंपाची विहीर तीन फुटांच्याही आत. त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून लोक लांबून येऊन नेत असत.

लंडन लांब आहे आणि काळही जुना, असे म्हणाल तर पुणे जवळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गुइलेन-बारे नावाच्या, हातापायांतली शक्ती जाणाऱ्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काहींचा मृत्यू झाला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोटातला जंतू सापडला. बहुतेक रुग्ण ज्या भागातले होते, तिथल्या नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीच्या पाण्याकडे तपासाचे लक्ष गेले. एवढ्या मोठ्या शहराच्या कडेला, टोलेजंग इमारतींच्या मधोमध, प्रश्न शेवटी तोच निघाला. पाणी कुठले पिता?

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत याचा विचार नाही, असे समजू नका. थांबलेल्या पाण्यात लघवी करण्याची मनाई बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पाण्याच्या घाटावर, वाटेत आणि सावलीत शौचाला बसणे ही लोकांचे शाप ओढवून घेणारी कामे आहेत, अशा आशयाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. औरंगजेबाच्या काळात उलेमांनी मिळून तयार केलेल्या फतावा आलमगिरीत तर नेमका आपलाच प्रश्न येतो. विहिरीजवळ घाणीचा खड्डा असेल तर? तिथे अंतराचा ठरावीक आकडा दिलेला नाही. खड्ड्याचा परिणाम पाण्यात दिसला तर दहा हातांवरची विहीरही नापाक, न दिसला तर एका हातावरचीही पाक, असा त्याचा सारांश आहे. जमीन मऊ आहे की कठीण, त्यावर हे बदलते, असेही हनफी फुकहांनी लिहिले आहे. आजचा भूगर्भतज्ज्ञ वेगळे काय सांगतो?

पण इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. फुकहांनी परिणाम ओळखायला रंग, चव आणि वास या तीन खुणा सांगितल्या. त्या पाकी-नापाकीच्या हुकुमासाठी आहेत, आणि पेल्यात न दिसणारा जंतू पाहायला त्या काळी कोणाकडे साधन नव्हते. काकूंच्या विहिरीत तिन्ही खुणा नव्हत्या, तरी बाटली काळी पडली. त्या पाण्याने वजू होतो की नाही, हा प्रश्न आपल्या आलिमांना विचारावा. ते पाणी गरोदर बाईने प्यावे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर जीभ देऊ शकत नाही. तपासणीच देते.

दोन दिवस आम्ही गप्प राहिलो. मनाशी वकिली चालू होती. विहिरीचा कठडा फुटलेला आहे, गोठाही जवळ आहे, तिथेच कपडे धुतात. आपल्याच टाकीमुळे झाले कशावरून? आणि हे खरेही आहे. काळी बाटली दोष कोणाचा ते सांगत नाही. मुलाची कावीळ कोणत्या पाण्यातून आली, हेही आता कोणी सिद्ध करू शकणार नाही. तिसऱ्या दिवशी मुलांच्या अम्मीने विचारले, "पुरावा मिळेपर्यंत काकूंनी तेच पाणी प्यायचं का?" ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याचा ईमान पुरा नाही, ही हदीस आम्ही वर्गात किती वेळा सांगितली आहे. तिच्यात शेजाऱ्याने आधी पुरावा द्यावा, अशी अट नाही.

संध्याकाळी गेलो. सगळे सांगितले. तळ मोकळा आहे हेही सांगितले. काकू थोडा वेळ विहिरीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते झालं सर. आता काय करायचं ते सांगा. सून पोटुशी आहे."

पुढे जे केले ते क्रमाने लिहितो, कारण वाचकांपैकी अनेकांना हेच करावे लागणार आहे.

पहिले काम पाण्याचे. त्याच रात्रीपासून पिण्याचे पाणी उकळून घेणे सुरू झाले. खळखळून उकळी आली पाहिजे, नुसते कोमट करून भागत नाही. दोन्ही घरांत आमच्या बोअरचे पाणी, तेही उकळून. एकदा बाटली काळी पडली नाही म्हणून कायमचा दाखला मिळाला असे होत नाही.

दुसरे, विहिरीत ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात. अंदाजाने मूठभर टाकू नये. हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणा, ४ ने भागा आणि शेवटी १००० ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येते. काकूंच्या विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर. म्हणजे सुमारे २८,२६० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे. ती बादली पाण्याखाली वर-खाली हलवली की औषध नीट मिसळते. खालचा चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. पावडर उघडी, ओलसर राहिली तर तिचा जोर जातो. जुन्या पोत्यातली पावडर टाकून निर्धास्त होऊ नये.

ही पावडर तात्पुरता इलाज आहे. वरून घाण येतच राहिली तर रोज टाकूनही पुरणार नाही. शिवाय मैल्यातून जमिनीत जाणारा नायट्रेट नावाचा क्षार पावडरीने जात नाही आणि उकळल्याने तर उलट दाट होतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून फार जास्त असेल तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना तो धोकादायक ठरतो. म्हणून प्रयोगशाळेत पाणी देताना जंतू आणि नायट्रेट दोन्ही तपासायला सांगावे.

तिसरे काम टाकीचे. मैला उपसणारी गाडी बोलावून टाकी रिकामी केली. इथे हात जोडून सांगतो, टाकीत माणूस उतरवू नका. आत साठलेला वायू एका श्वासात माणूस पाडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होते आणि वास येत नाही म्हणून माणूस फसतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. भरपाईने माणूस परत येत नाही.

मग ती जागाच सोडून दिली. जुना खड्डा मुरूम घालून बुजवला. नवी टाकी बाजूच्या मोकळ्या जागेत, जमिनीच्या उताराकडे घेतली. दोन कप्पे, तळाला काँक्रीट, भिंतींना आतून प्लास्टर, वायू जाण्यासाठी उंच पाइप आणि त्याच्या तोंडाला डास अडवणारी जाळी. बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी उथळ शोषखड्डा. या वेळी टेप चारही दिशांना फिरवला, भिंतीपलीकडेसुद्धा. काकूंच्या मुलाने पलीकडून टोक धरले होते.

अंतर किती हवे? दोन खड्ड्यांच्या शौचालयाविषयी आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचना आहेत. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत दोन मीटर जमीन असेल आणि माती बारीक असेल तर विहिरीपासून तीन मीटर चालतात. नसेल तर किमान दहा मीटर. भूकंप-पुरात मदत करणाऱ्या संस्था जी स्फिअर मानके पाळतात, ती तीस मीटर आणि पाण्याच्या वर दीड मीटर सांगतात. भेगाळलेल्या खडकावर राहणाऱ्यांनी मोठा आकडा धरावा आणि तरीही तपासणी करत राहावी.

ज्यांची ऐपत किंवा जागा कमी आहे त्यांनी सेप्टिक टँकच्या मागे लागू नये. जिथे पाणी खोल आहे तिथे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय स्वस्त आणि चांगले. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात सोडायचे. पहिला वर्षभराहून अधिक झाकून ठेवला की त्यातल्या मैल्याचे मातीसारखे खत होते. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवायचे नाहीत, एवढे पथ्य.

घरातल्या बायकांच्या हाती असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. न्हाणीघराचे आणि भांड्यांचे पाणी टाकीत सोडू नका. ते वेगळ्या खड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात जाऊ द्या. फिनाइल आणि ॲसिड रोज ओतले तर टाकीतले कामाचे जंतू मरतात. डायपर, पॅड, तेल टाकीत जाऊ देऊ नका. विहिरीचा कठडा आणि भोवतीचा ओटा फुटलेला असेल तर आधी तो बांधा, म्हणजे सांडलेले पाणी परत आत जाणार नाही. आणि ईद-उल-अजहाच्या दिवशी रक्त धुतलेले पाणी आणि ओझडीतली घाण पुरायचा खड्डा विहिरीपासून लांब असू द्या. घाईत परसातला जवळचा कोपरा निवडला जातो. आम्हीही निवडलेला आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गावाच्या सार्वजनिक विहिरींची आणि नळयोजनेची पाहणी ग्रामपंचायतीला पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करावी लागते. तिच्यावरून लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या खासगी विहिरीला कोणतेच कार्ड नसते. तिची काळजी आपणच घ्यायची. तेव्हा वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस सरल्यावर, पाणी तपासा. जल जीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना तपासणीचे किट वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही नमुना देता येतो. मशिदीच्या विहिरीचे पाणी शेकडो लोक तोंडात घेतात. तिचाही नमुना मशीद कमिटीने द्यावा. लंडनच्या त्या पाद्र्याने घरोघर फिरून जे केले, ते आपल्या इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात पाच मिनिटे बोलून करता येईल.

काकूंच्या सुनेला हिवाळ्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. विहिरीचा नवा ओटा आम्ही दोन्ही घरांनी मिळून बांधला. पाऊस सरल्यावर पुन्हा बाटली भरली, ती काळी पडली नाही. या पावसाळ्यात पुन्हा भरणार आहोत, कारण खरी परीक्षा ऑगस्टचीच.

परवा एका लग्नात कोणीतरी तीच बढाई मारली. दहा वर्षं झाली, टाकी भरली नाही. आम्ही त्यांना बाजूला घेऊन विचारले, "भिंतीपलीकडे विहीर आहे का?" ते जरा थांबले. म्हणाले, "आहे. भावाची."

अल्लाह आपल्या सर्वांच्या घरचे पाणी पाक आणि निर्धोक ठेवो. टेप मात्र आपल्यालाच धरावा लागेल.